मध विका, पण मलम म्हणून नव्हे

जखम चिघळली, गोळ्या-इंजेक्शनला दाद देईना, तर मध लावा, असे सांगून मध विकणारे दुकानदार आपल्यात कमी नाहीत. सूरह नहलमध्ये मधात शिफा असल्याचे आले आहे. बाटलीवर ती आयत छापलेली असली की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. विकणाऱ्याची जबाबदारी तेथेच वाढते.

दावा अगदी पोकळ नाही. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू १९६१ साली ब्रिटनमध्ये नोंदला गेला. आज गळवांत, चिघळलेल्या जखमांत तो जगभर सापडतो. प्रयोगशाळेत मध त्याला रोखतो. मधात पाणी कमी, आंबटपणा भरपूर. शिवाय जखमेच्या ओलाव्यात मिसळताच त्यातले एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये मधाच्या पट्टीला मान्यता दिली. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मधाने काही प्रकारचे भाजणे लवकर भरून येते असे आढळले. बहुतेक इतर जखमांबाबत पुरावा अपुरा ठरला.

पण पट्टीतला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या बरणीतला तसा नसतो. त्यात, मध गोठला की गिऱ्हाईक त्याला भेसळ समजते (खरे तर गोठणे हा भेसळीचा पुरावाच नव्हे), म्हणून बाटल्या भरणारे तो तापवतात, आणि जास्त तापवला की ते एन्झाइम निकामी होते.

भेसळीचे तर विचारूच नका. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२० मध्ये तपासलेल्या १३ ब्रँडपैकी ३ च सर्व चाचण्यांत उतरले. याच संस्थेला २०१० मध्ये १२ पैकी ११ ब्रँडमध्ये अँटिबायोटिक औषधे सापडली होती. म्हणजे ज्या औषधांना जंतू सरावले म्हणून मध लावायचा, तीच औषधे मधात! असल्या मालावर आयत छापणे आमच्या मते नुसता खोटा व्यापार नाही, त्याहून वाईट आहे.

व्यापारी बंधूंनी मध कोठून आला ते लिहावे, तपासणीचा कागद दुकानात ठेवावा आणि मध खाण्याची वस्तू म्हणून विकावा. खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या मालावर रोग बरा करण्याचा दावा कायद्यालाही चालत नाही. भट्टीवर भाजलेला किंवा साखरेचा आजार असून पायाला जखम झालेला कारागीर मध मागायला आला, तर आधी त्याला दवाखान्याची वाट दाखवावी आणि पू तपासून घ्यायला सांगावे. एक बाटली कमी खपेल.