सशाला बांधावरचं द्या, बंगल्याच्या बागेतलं नको

पाचगणीसारख्या गावात ससा पाळला तर त्याच्या खाण्याची चिंता कशाला करायची, असं कुणालाही वाटेल. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उंची, बंगल्यांभोवती बागा, उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे, वर टेबललँडचं पठार आणि पावसाळ्यात तर पाय ठेवाल तिथं हिरवळ. सशाला उकाडा सोसत नाही; पारा तिशीच्या वर गेला की त्याची तगमग सुरू होते. त्यामुळे हवेच्या दृष्टीनं हे गाव त्याच्या सोयीचंच. पुण्यामुंबईत फ्लॅटच्या बाल्कनीत ससा पाळणारे लोक विकतच्या कोथिंबिरीवर दिवस काढतात, तिथं पाचगणीकराच्या दारात पाल्याचा ढीग. तरीही हिरवं दिसतं ते सगळं सशाच्या पोटात जाण्याजोगं नसतं, आणि या गावाच्या बाबतीत ही गोष्ट जरा जास्तच खरी आहे. सशाला ताजा पाला द्यावा, रोज द्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो शोभेच्या बागेतून नव्हे, शेताच्या बांधावरून आणावा, आणि कुठला पाला चालतो हे परदेशी याद्या वाचून नव्हे, तर खुरपणीला जाणाऱ्या बायांना विचारून ठरवावं, असं माझं म्हणणं आहे.

मुळात हिरवं का द्यायचं, तर सशाचं तोंड आणि पोट दोन्ही गवतासाठी घडलेली आहेत म्हणून. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. ते झिजवण्याचं काम लांब धाग्याचं गवत करतं, कारण ते चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. दुकानात मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या दोन चाव्यांत भुगा होतात, दाढांना काम उरत नाही. मग दाढांना टोकं येतात, ती जिभेला, गालाला टोचतात आणि ससा खाणं सोडतो. पोटाचंही तसंच. सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भलीमोठी पिशवी असते. तिच्यातले सूक्ष्म जीव पाल्याचा चोथा आंबवतात, आणि त्यातून तयार झालेल्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येते, पण ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला त्यातून मिळतात. या कारखान्याला चोथा हवा असतो, साखर नको. गाजर हे सशाचं अन्न ही समजूत चित्रांच्या पुस्तकांनी पसरवली. खरं तर गाजराचा कंद त्याच्यासाठी मिठाई आहे आणि पाला हे जेवण. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात पाल्यासकट गाजरं मिळतात, आणि आपण पाला देठाशी मोडून टाकतो, कंद सशापुढे धरतो. करायचं नेमकं उलट.

आता बागेबद्दल. पाचगणी हे गाव वसवलेलं आहे. 1860 च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा हवा खाण्यासाठी निवडली आणि इथं परमुलखातली झाडं आणून लावली. आज पाचगणीची ओळख बनलेला सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला, नाताळच्या सुमारास लालभडक होणारी पॉइन्सेटिया मेक्सिकोतली. पुढे त्यांच्या जोडीला हायड्रेंजिया, कॅला लिली, कण्हेर अशी किती तरी झाडं आली. डोळ्यांना सुखावणारी ही मंडळी सशाच्या दृष्टीनं बेभरवशाची आहेत. पॉइन्सेटियाचा पांढरा चीक तोंड पोळवतो. कण्हेरीचं पान हृदयावर घाला घालतं. हायड्रेंजियाच्या पानात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. कॅला लिली अळूच्या कुळातली. तिच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात, आणि कच्चं अळू चुकून चाखलेल्या माणसाला त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. कुंपणाला रंगीबेरंगी फुलांची म्हणून जिचं कौतुक होतं ती घाणेरीही बाहेरचीच. 1809 च्या सुमारास ती शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आता सह्याद्रीचा उतार न् उतार तिनं व्यापलाय. तिच्या पानातलं विष यकृताला धरतं, जनावराला कावीळ होते. हिमाचलात पालमपूरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या केंद्रात या विषावर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. मुद्दा असा की ज्या झाडांशी इथल्या माणसांचा खाण्यापिण्याचा संबंध कधी आलाच नाही, त्यांच्याबद्दल गावाच्या अनुभवात इशारा सापडत नाही. आजीला कण्हेर आणि धोतरा ठाऊक असतो. हायड्रेंजिया ठाऊक असण्याचं कारण नाही.

बांधाचं तसं नाही. बांधावर उगवणाऱ्या बहुतेक तणाला गावात नाव आहे, आणि नाव आहे म्हणजे कुणीतरी ते कधीतरी खाल्लेलं, जनावराला घातलेलं किंवा जनावराच्या तोंडून ओढून काढलेलं आहे. हरळी घ्या. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे तीच, आणि सशासाठी याहून निर्धोक गवत शोधून सापडणार नाही. मारवेल गवत तर दख्खनच्या बांधांचं वैभव. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याचे सुधारित वाणही काढलेत. केना, पाथरी, जास्वंदीचा आणि तुतीचा कोवळा पाला हे सगळं ससा आवडीनं खातो. माठ, घोळ, चाकवत चालतात, पण त्यांत ऑक्झलेट जास्त, म्हणून चिमूटभर. परदेशी पुस्तकांतल्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये डँडेलियन पहिल्या नंबरावर असतं. ते इंग्लंडच्या परसातलं तण आहे, आणि त्याच्या शोधात पाचगणीभर फिरणाऱ्याच्या पायाखाली त्याच कुळातली पाथरी तुडवली जात असते. अशा याद्या चुकीच्या नसतात, त्या दुसऱ्या मुलखाच्या असतात. आणि त्यांतली खरी उणीव म्हणजे इथलं काय टाळायचं हे त्यांत नसतं.

याचा सर्वांत चांगला दाखला गाजर गवताचा. काँग्रेस गवत म्हणून ओळखलं जाणारं हे तण 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. फुलावर येण्याआधी त्याचं पान गाजराच्या पाल्यासारखंच कातरलेलं दिसतं. पोरांना सशासाठी पाला आणायला धाडलं तर ती फसणार ती इथंच. थोडं वाकून पाहिलं तर फरक कळतो. कोवळं गाजर गवत जमिनीसरसं चक्राकार पसरलेलं असतं, पानावर बारीक लव असते आणि त्यामुळे हिरव्या रंगावर राखाडी झाक येते. गाजराचं पान ताठ उभं, तजेलदार, आणि चुरगळलं की गाजराचाच वास येतो. वासाची परीक्षा मात्र खात्रीच्या गाजरावरच करावी. गाजर गवत हातानं चोळलं तर अनेकांच्या कातडीला खाज सुटते. शेतात खुरपं चालवणारी बाई हा फरक चालता चालता सांगते.

यावर गावातूनच एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आमच्या शेळ्या काय वाट्टेल ते खातात, त्यांना काही होत नाही, मग सशाचे एवढे लाड कशाला? शेळीचं होतं ते सशाचं होत नाही, हे याचं उत्तर. शेळी रवंथ करते. चारा आतड्यात पोचण्याआधी तिच्या पोटातले जंतू त्यावर तासन्‌तास काम करतात आणि बरीचशी विषं तिथंच मोडतात. सशाच्या पोटात आंबवण्याची पिशवी शेवटी येते, तोवर विष रक्तात गेलेलं असतं. सुबाभळीचं पाहा. 1970 नंतर उरुळी कांचनच्या बायफ संस्थेनं चाऱ्यासाठी तिचा मोठा प्रसार केला आणि शेळ्यामेंढ्यांसाठी ती उपयोगीही ठरली. तिच्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. ते आणि त्यापासून बनणारं विष पचवणारे जंतू रवंथ करणाऱ्या काही जनावरांच्या पोटात असतात. सशाच्या पोटात ती सोय नाही. सुबाभूळ भरपूर खाल्ली तर त्याचे केस झडतात, वजन घटतं. शिवाय सशाला उलटी होत नाही. एकदा गिळलेलं परत बाहेर टाकायची वाट नाही. आणि हा भक्ष्य होणारा प्राणी असल्यानं दुखणं लपवतो. शेळी ओरडून गाव गोळा करेल. ससा कोपऱ्यात गप्प बसतो आणि आपण म्हणतो, आज शहाण्यासारखा बसलाय. म्हणून बायांचं ज्ञान घ्यायचं ते झाड ओळखण्यापुरतं. ‘शेळी खाते’ हा दाखला सशाला तसाच लावता येत नाही, आणि या बाबतीत त्यांचंही ऐकू नये.

दुसरा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर उलटतो. बांधावरचं द्या म्हणता, पण इथल्या बांधाशेजारी आहे काय? स्ट्रॉबेरी. देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी बहुतांश याच महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातून येते, 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड, मग मार्च-एप्रिलपर्यंत फळ, आणि या काळात बुरशी, भुरी, कोळी यांच्यासाठी फवारण्या. वाऱ्यावर आलेला फवारा बांधावरच्या हरळीला वगळत नाही. आंतरप्रवाही औषध तर पानाच्या आत शिरलेलं असतं, ते नळाखाली धुऊन निघत नाही. स्ट्रॉबेरीचं पान स्वतः निर्धोक आहे, सशाला ते आवडतंही, पण विक्रीच्या वाफ्यातलं पान घालणं हा जुगार. त्यामुळे बांध म्हणताना मला अभिप्रेत आहे तो नाचणी-वरीच्या शेताचा, किंवा ज्याच्या मालकाला आपण समोरासमोर ‘गेल्या महिन्यात काय मारलंय?’ असं विचारू शकतो त्या शेताचा. बटाट्याच्या शेतातून निघताना मात्र हात आवरावा. बटाट्याचा पाला विषारी असतो. ज्यांच्याकडे शेत नाही, ओळखही नाही, त्यांनी बंगल्याच्या त्याच बागेत फुलझाडांपासून दूर चार हात जागा हरळी, मारवेल, पुदिना आणि कोथिंबिरीला द्यावी. सशासाठी पेरलेली जागा ही शोभेची बाग उरत नाही, तेव्हा माझ्या मथळ्याशी त्याचा तंटा नाही.

पठारावर आणि रानात जाऊन भारा कापून आणण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण सशाच्या पोटाशी संबंधित नाही. 2001 मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांत तिथल्या छोट्या वनस्पतींना उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. पाळीव सशासाठी तो पाला उपटण्याचं समर्थन कसं करायचं? आणि गवतानं भरलेल्या उतारांवर पावसाळा सरताना कुसळी गवत पिकतं. त्याची कुसळं सशाच्या हिरडीत, डोळ्यात रुततात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहण्याचा वाक्प्रचार इथं अक्षरशः खरा होतो, फक्त काढायला पशुवैद्य लागतो.

मग दुकानातल्या गोळ्याच बऱ्या, निदान त्या स्वच्छ असतात, असं शहरी वळणाचे लोक म्हणतील. रानातल्या पाल्यात जंतू असतात, गोचिडी असतात हे खरंच आहे. पण त्यावरचे उपाय साधे आहेत. कुत्र्यामांजरांच्या वाटेवरचा आणि रस्त्याकडेचा पाला घ्यायचा नाही. डबक्याकाठचा घ्यायचा नाही, तिथं यकृतकृमीची पिल्लं पानाला चिकटलेली असतात. पावसात भिजलेला पाला झटकून, पसरून, पाणी निथळल्यावर घालायचा. ओला चारा रचून ठेवला की आतून तापतो हे गुरं राखणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तसा तापलेला पाला सशाचं पोट फुगवतो, म्हणून सकाळचा पाला दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवीत कोंबून ठेवू नये. नवं झाड एका वेळी एकच, तेही चार पानं, आणि मग दोन दिवस लेंड्या पाहायच्या. लेंडी गोल, कोरडी, फोडली तर आत गवताचा भुसा दिसणारी असली की ठीक. बारीक किंवा ओली झाली तर नवं बंद, नुसतं गवत सुरू. ससा अर्धा दिवस तोंडाला काही लावत नसेल तर घरगुती काढे न करता डॉक्टरकडे न्यायचं. गोळ्यांना माझी पूर्ण बंदी नाही. मोठ्या सशाला रोज दोन चमचे पुरतात. लसूणघास मात्र वाढत्या पिल्लालाच द्यावा. त्यात कॅल्शियम फार, आणि सशाचं शरीर खाण्यातलं बरंचसं कॅल्शियम शोषून घेऊन जास्तीचं लघवीवाटे टाकतं, त्यामुळे मोठ्या सशाला मूतखड्याचा त्रास होतो.

खरी अडचण हिरव्याची नाहीच, वाळल्या गवताची आहे. सशाच्या ताटात चार भाग गवत हवं आणि एक भाग बाकी सगळं. पावसाळ्यात ते ओलं मिळतं. डोंगरउतार पिवळे पडले की लोक पुन्हा गाजर आणि पोळीच्या तुकड्यांवर येतात. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं महाग पडतात आणि भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी. पण याच डोंगरावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुरांसाठी गवत कापून, वाळवून त्याच्या गंजी रचतात. ते बिनकुसळी, फुलोऱ्यावर येताना कापलेलं, हिरवट सुवास टिकून असलेलं हवं, एवढं आधी सांगून ठेवलं तर एखाद्या शेतकऱ्याकडून वर्षाचे भारे बोलून ठेवता येतात आणि त्याच्याही हाती चार पैसे पडतात. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत पोराच्या हट्टापायी आणलेल्या सशासाठी असे आठ-दहा ऑक्टोबर सांभाळावे लागतील, आणि तेवढी तयारी नसेल तर ससा आणण्याचा बेत मे महिन्यातच सोडून द्यावा.