केबलची संथ चाल

फोनांतले फोटो कॉम्प्युटरवर घ्यावयास बसलें कीं सारी दुपार जाते, ही तक्रार हल्लीं घरोघर ऐकूं येते. पडद्यावर प्रथम ‘पंचवीस मिनिटें शिल्लक’ असें दिसतें; चहा घेऊन परत यावें तों तेथें ‘दोन तास’ झालेले असतात! मग घरांतील कर्ते पुरुष कॉम्प्युटर जुना झाला म्हणतात, मुलें फोन नवा हवा म्हणतात, आणि मधल्या हातभर केबलकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं.

केबलकडे नुसतें पाहून तिची योग्यता कळत नाहीं, हें या दुखण्याचें मूळ आहे. यूएसबी ही पद्धति १९९६ सालीं निघाली. ती घडविणाऱ्या मंडळींत, इंटेल कंपनींतील व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले श्री. अजय भट्ट हे प्रमुख होते, हें आमच्या बडोदेकर वाचकांस सांगावयास नको. २००० सालीं तिची दुसरी आवृत्ति आली. तिचा वेग सेकंदास ४८० मेगाबिट. आंकडा भारदस्त दिसतो. पण आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हिशेबानें ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्ष पदरांत ३० ते ४०च पडतात. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीचा वेग याच्या दसपटीहून अधिक. दुसऱ्या आवृत्तीच्या केबलींत तारा चार, दोन विजेच्या व दोन मजकुराच्या. तिसरीस आणखी पांच लागतात. परंतु टाइप-सी म्हणून जें चपटें टोंक हल्लीं सर्वत्र झालें आहे, तें दोघींनाहि एकसारखेंच! कित्येक स्वस्त केबलींत तर मजकुराच्या तारा मुळींच नसतात. त्यांनीं फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला त्याची ओळखहि पटत नाहीं.

२०२३ सालीं निघालेला आयफोन १५ प्रो किंमतीनें लाखाच्या वर. त्याच्या अंगीं सेकंदास १०,००० मेगाबिटांचा वेग. पण डब्यांतली केबल मात्र ४८०चीच. साधा आयफोन १५ तर स्वतःच ४८०चा आहे. त्यास केवढीहि भारी केबल लावा, फरक पडावयाचा नाहीं. हें टोंकावरच ठळक छापणें कंपन्यांस जड गेलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

तथापि चांगली केबल आणूनहि काम रेंगाळतें, तेव्हां कारण निराळें असतें. पूर्वीं अँड्रॉइड फोन जोडला कीं तो आपल्या कोठीची किल्लीच कॉम्प्युटरच्या हवालीं करी, आणि तोंवर स्वतः कोठींत पाऊल टाकीत नसे. २०११ पासून एमटीपी नांवाची रीत त्यांत आली. आतां किल्ली फोनच्या कमरेलाच राहते, आणि कोठीवरच्या काकूंप्रमाणें तो एकेक जिन्नस आपल्या हातानें काढून देतो; एक दिल्यावांचून दुसऱ्याची मागणी ऐकतच नाहीं. लग्नाचा एक मोठा व्हिडिओ मागितला तर तो झपाट्यानें येतो. पण २०,००० लहान फोटो मागितले, म्हणजे प्रत्येकाची नांवनिशी विचारणें आलें. त्यांत दर फोटोमागें पाव सेकंद गेला असें धरलें, तरी ५००० सेकंद, म्हणजे एक तास तेवीस मिनिटें, नुसत्या विचारपुशींत खर्च होतात. यासाठीं व्हॉट्सॲपवरचीं सुप्रभाताचीं फुलें आधीं काढून टाकावीं (कोणाचा भक्तिभाव दुखवूं आम्ही इच्छीत नाहीं), व उरलेले फोटो फोनवरच एका झिप फाइलींत गाठोडें बांधून मग न्यावे. त्यास फोनांत तेवढी मोकळी जागा मात्र हवी. आयफोनवरून विंडोजच्या कॉम्प्युटरवर नेतांना फोनच्या सेटिंगमध्यें मूळ प्रती तशाच देण्याचा पर्याय निवडावा. नाहीं तर फोन वाटेंत फोटोंचें रूप बदलीत बसतो.

हा केवळ वेळेचाच प्रश्न असता तर आम्हीं इतकी शाई खर्चिली नसती. वेळ लागतो म्हणून काम पुढल्या रविवारावर ढकललें जातें, हें खरें संकट. आमच्या परिचयाच्या एका सोळा माणसांच्या घरांत आजींनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं गाणीं धाकट्या सुनेच्या फोनांत मुद्रित करून ठेविलीं होतीं. दोनदां केबल लावण्यांत आली, आणि दोन्ही वेळां पडद्यावरचे तास पाहून काढून ठेवण्यांत आली. श्रावणांत फोन पाण्याच्या बादलींत पडला. दुरुस्तीवाल्यानें हात टेकले. कारण हल्लींच्या फोनांतला सांठा त्या त्या यंत्राच्याच गुप्त किल्लीनें कुलूपबंद असतो, आंतली चिप उपटून दुसरीकडे वाचतां येत नाहीं. आजी त्याआधींच गेल्या होत्या. थोरल्या काकूंना त्यांतलीं सात गाणीं येतात; बाकीचीं कोणासच नाहींत.

तेव्हां ज्यांच्या घरीं असे आवाज फोनांत असतील त्यांनीं सगळ्या फोटोंची वाट न पाहतां ते आजच उतरवून घ्यावे. त्या मूठभर फाइलींस जुनी केबलहि पुरते. ‘कट’ करूं नये, ‘कॉपी’ करावी, आणि कॉम्प्युटरवर चार-दोन फाइली उघडून ऐकल्यावरच फोनवरच्या पुसाव्या. नवी केबल घेतांना वेष्टनावर ५ किंवा १० जीबीपीएस असें छापलेलें पाहून घ्यावें, व चौकोनी टोंक असल्यास तें बहुधा निळी जीभ असलेल्या खांचेंत बसवावें. केबलीवांचून, वायफायवरून, फोटो नेण्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.