हुकमाचा एक्का विकताना

१ फेब्रुवारी २०२५ रोजी रात्री उशिरा अमेरिकेतल्या डॅलस शहरात एक बातमी फुटली आणि सुरुवातीला तिच्यावर कुणी विश्वासच ठेवेना. बातमी देणाऱ्या पत्रकाराच्या नावाने कुणीतरी चावटपणा करत असावे, असेच अनेकांना वाटले. डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू, लुका डॉन्चिच, लॉस एंजलिस लेकर्सला देऊन टाकला होता. स्लोव्हेनियासारख्या चिमुकल्या देशातून आलेला हा मुलगा तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. आदल्या मोसमात सामन्यामागे ३३.९ गुणांची सरासरी राखून तो साऱ्या एनबीएत पहिला आला होता आणि संघाला त्याने अंतिम फेरीपर्यंत नेले होते.

डॅलसच्या उपनगरांतून मराठी मंडळी पुष्कळ आहेत. माझा एक पुतण्याही तिकडे असतो. फोनवर म्हणाला, "काका, पोरगा ७७ नंबरची जर्सी घालून कोपऱ्यात बसलाय, जेवायला उठत नाही. घरात सुतक असल्यासारखं झालंय." आपल्याकडे बास्केटबॉल शाळा-कॉलेजच्या मैदानापलीकडे फारसा जात नाही, आणि डॅलसचे नाव आपण ऐकले असेल तर ते २०१५ साली याच संघाने पंजाबच्या सतनाम सिंगला निवडले तेव्हा. पण प्रश्न डॅलसपुरता नाही. कर्तबगार माणसाविषयी तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. अशा वेळी त्याला ठेवायचे की घालवायचे?

तक्रारी खऱ्या होत्या, हे आधी मान्य करून टाकतो. लुकाचे वजन वाढत असे. बचावात तो ढिला पडे. पंचांशी हुज्जत घालण्याची त्याला खोडच होती. हुज्जत घालत तो मागे रेंगाळायचा आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी पलीकडे गोल करून मोकळे होत. २०२४च्या अंतिम फेरीत बोस्टनने डॅलसला ४-१ असे हरवले तेव्हा ही सारी दुखणी उघड्यावर आली. त्यात नाताळच्या सामन्यात पोटरी दुखावली आणि तो बाहेर बसला. येत्या उन्हाळ्यात त्याच्यापुढे पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार ठेवावा लागणार होता. संघाचे व्यवस्थापक निको हॅरिसन यांनी हिशेब मांडला, बचावाने अजिंक्यपदे मिळतात असे सांगितले आणि बचावात वाकबगार असलेला अँथनी डेव्हिस मागून घेतला. सोबत मॅक्स क्रिस्टी हा तरुण खेळाडू आणि २०२९ सालच्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्क.

मी बँकेत तीस वर्षे काढली. सौदा समोर आला की हात आपोआप कागदाकडे जातो. डेव्हिस उत्तम खेळाडू, शंकाच नाही. पण वय ३१, आणि दुखापतींचा इतिहास भलामोठा. म्हणजे वजनाची आणि दुखापतींची काळजी वाटते म्हणून २५ वर्षांचा माणूस द्यायचा आणि दुखापतींसाठी प्रसिद्ध असलेला ३१ वर्षांचा घ्यायचा. त्याहून खटकते ती विक्रीची रीत. बँकेला गहाण पडलेले साधे दोन खोल्यांचे घर विकायचे असले तरी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, बोली मागवाव्या लागतात. एनबीएतली सर्वांत मौल्यवान मालमत्ता एकाच गिऱ्हाइकाशी गुपचूप बोलून विकली गेली. बाजारात हाक घातली असती तर किती आले असते, हे कुणी पाहिलेच नाही. आमच्या एखाद्या शाखाधिकाऱ्याने असे केले असते तर दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शनवाले दारात उभे राहिले असते.

गंमत अशी की हाच संघ याच पेचातून एकदा गेला होता आणि तेव्हा त्याने उलटा निर्णय घेतला होता.

डर्क नोविट्झ्की हा जर्मनीतला उंचापुरा, लाजाळू मुलगा १९९८ साली डॅलसला आला. २००६ साली अंतिम फेरीत डॅलसने मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्यात शेवटच्या क्षणांत डर्कला दोन फ्री थ्रो मिळाले, त्यांतला एक हुकला. तो सामना गेला आणि त्यामागून आणखी तीन गेले. पुढच्या मोसमात डॅलसने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, पण बाद फेरी सुरू होताच आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवले. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून डर्कला गौरवले गेले तेव्हा त्याचा संघ केव्हाच बाहेर पडला होता. मऊ आहे, मोक्याच्या वेळी कच खातो, असा शिक्का त्याच्यावर बसला. (त्याच २००६मध्ये आपल्या वानखेडेवर खुद्द सचिनची हुर्यो उडवली गेली होती. गर्दीची स्मरणशक्ती सगळीकडे सारखीच.)

डॅलसने डर्कला ठेवले. पण नुसते ठेवले नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. त्याच्याभोवती काय कमी आहे ते शोधले. २००८मध्ये अनुभवी जेसन किड आणला, प्रशिक्षक बदलून रिक कार्लाइल आणले, २०१०मध्ये टोपलीखाली भिंतीसारखा उभा राहणारा टायसन चँडलर आणला. डर्कचा बचाव जिथे उणा पडे तिथे चँडलर उभा केला. मधली वर्षे काही सुखाची नव्हती. २००८ आणि २०१०मध्ये संघ पुन्हा पहिल्याच फेरीत हरला. मग १२ जून २०११ रोजी मायामीतच, त्याच मायामी हीटविरुद्ध, अजिंक्यपद आले. निर्णायक सामन्याच्या पूर्वार्धात डर्कचे १२ पैकी ११ नेम चुकले होते. जेसन टेरीने सामना धरून ठेवला आणि उत्तरार्धात डर्कला सूर सापडला. सामना संपताच तो मैदान सोडून आत पळाला, कारण त्याला डोळ्यांतले पाणी कुणाला दाखवायचे नव्हते. २१ मोसम तो एकाच संघाकडून खेळला. मैदानाबाहेर आज त्याचा पुतळा आहे. लुकाच्या विक्रीची बातमी आली तेव्हा लोकांनी त्याच पुतळ्यापुढे फुले ठेवली, एकाने तर शवपेटी आणून ठेवली.

म्हणून प्रत्येक ताऱ्याला जन्मभर सांभाळावे, असे मी म्हणणार नाही. २००४मध्ये लेकर्सने शकील ओ'नीलला मायामीला देऊन टाकले. त्याच्याविषयीही वजनाची आणि आळसाची हीच तक्रार होती. मायामीने त्याच्या जोरावर २००६चे अजिंक्यपद मिळवले, डॅलसलाच हरवून. तरी लेकर्सचा निर्णय चुकला म्हणवत नाही, कारण शकील ३२ वर्षांचा होता, त्याला स्वतःलाच तिथे राहायचे नव्हते, आणि लेकर्सच्या हाती कोबी ब्रायंट उरला होता. २००९ आणि २०१० अशी दोन अजिंक्यपदे पुढे त्यांनी मिळवलीच. वय सरत आले असेल, मन उडाले असेल, घरात दुसरा तयार असेल तर निरोपाचा नारळ जरूर द्यावा. लुकाच्या बाबतीत यांतले एकही कारण नव्हते. त्याला डॅलसमध्ये राहायचे होते.

आणि मुख्य तक्रार तरी कसली होती? वजनाची. २०२५च्या उन्हाळ्यात लुका चांगला बारीक होऊन लोकांसमोर आला आणि लेकर्सशी तीन वर्षांचा १६.५ कोटी डॉलरचा नवा करार करून बसला. वजन उतरते, वय उतरत नाही. एवढा साधा फरक कोट्यवधी डॉलर हाताळणाऱ्या माणसाला दिसू नये, याचे मला अजून नवल वाटते.

लेकर्सचेही त्याने लगेच सोने केले, असे नाही. त्या मोसमात तेही मिनेसोटाकडून पहिल्याच फेरीत ४-१ असे हरले. डॅलसचे मात्र हाल झाले. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, मार्चमध्ये कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. ९ एप्रिलला लुका परका होऊन डॅलसला खेळायला आला. त्याच्या जुन्या खेळाची चित्रफीत दाखवली तेव्हा तो बाकावर बसून रडला, आणि मग उठून त्याने ४५ गुण केले. घरचे प्रेक्षक आपल्याच व्यवस्थापकाला हाकला म्हणून ओरडत होते.

पुढे मे महिन्यात नव्या खेळाडूंच्या निवडीची सोडत निघाली. डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती, आणि तो मिळाला. कूपर फ्लॅग हा १८ वर्षांचा हिरा आयता पदरात पडला. तेव्हा काही जण म्हणू लागले, बघा, शेवटी भलेच झाले! कर्जदाराला लॉटरी लागली आणि त्याने थकलेले कर्ज फेडले, म्हणून ते कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ थोपटल्याचे मी कधी पाहिले नाही. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी हॅरिसन यांना नारळ मिळाला.

पाच-सात वर्षांनी या फ्लॅगच्याही नावापुढे तक्रारी लागतील आणि त्याचाही मोठा करार सहीसाठी टेबलावर येईल. तेव्हा त्या टेबलामागे कोण बसलेले असेल, हे मला पाहायचे आहे.