सहकारी आहेत, सहकार नाही

वाशी रेल्वे स्थानकाच्या माथ्यावर माहिती तंत्रज्ञानाचे संकुल उभे आहे आणि तेथून थोड्याच अंतरावर कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. एका ठिकाणी पाठीवर पोते घेणारा माथाडी, दुसऱ्या ठिकाणी पडद्यासमोर बसलेला पदवीधर. नगर एक असले तरी ही माणसे दोन निरनिराळ्या युगांतली आहेत, असा समज सर्वत्र रूढ आहे. पहिल्याला कामगार म्हणतात, दुसऱ्याला सहकारी. शब्द बदलला म्हणजे संबंधही बदलले, मालक आणि नोकर हा भेद काचेच्या इमारतीत शिरताना बाहेरच गळून पडला, असे या नव्या क्षेत्रातील धुरीण सांगतात आणि तेथे काम करणारी तरुण मंडळीही पुष्कळदा ते मनापासून मानतात. हा दावा समाजवादी कार्यकर्त्यांनी उपहासाने झटकून टाकू नये. तो तपासून पाहिला पाहिजे.

नव्या मुंबईचा इतिहास या तपासणीस उपयोगी पडतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांतील जमिनी नव्या नगरासाठी संपादन करण्याचे ठरले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायनांच्या कारखान्यांनी एका पिढीला रोजगार दिला. पुढे त्यांतील अनेक बंद पडले. आज महापे, रबाळे, ऐरोली, घणसोली येथे संगणकीय कंपन्यांची संकुले आहेत आणि माहिती साठविणारी प्रचंड यंत्रागारे आहेत. प्रेक्षक हातातल्या फोनवर जे चित्र पाहतो ते हवेतून येते असे त्याला वाटते. वास्तविक त्याला जमीन लागते, वीज लागते, पाणी लागते आणि रात्रपाळीचा माणूस लागतो.

इंटरनेटवरील चलच्चित्रांची म्हणजे व्हिडिओची नवी कंपनी बहुधा लहान असते. दोन-तीन संस्थापक, पंधरा-वीस तरुण. कोणी संहिता लिहितो, कोणी चित्रण करतो, कोणी संकलन करतो, कोणी उपशीर्षके बसवितो, कोणी जाहिरातदारांकडे खेटे घालतो. सर्वजण एकाच टेबलाभोवती बसतात, संस्थापकालाही एकेरीत हाक मारतात, रात्री अकराला एकत्र जेवण मागवितात आणि सकाळी पुन्हा हजर होतात. सरकारी कचेरीतील उतरंड किंवा गिरणीतील जॉबरची दहशत तेथे नसते. पनवेलची मुलगी आणि साताऱ्याचा मुलगा यांनी केलेली मराठी फीत लाखो माणसे पाहतात, तेव्हा त्यांना होणारा आनंद खोटा नसतो. श्रमाशी असे नाते जडावे, ही तर समाजवादाचीच जुनी आकांक्षा आहे. म्हणूनच हा आनंद कोणाच्या हिशेबात जमा होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या क्षेत्रातील सर्व नवउद्योग ज्या एका उदाहरणाकडे डोळे लावून बसलेले असतात, ते यूट्यूबचे. फेब्रुवारी २००५ मध्ये चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तीन तरुणांनी ही कंपनी काढली. तिघेही आधी पेपॅल या कंपनीत सहकारी होते. २३ एप्रिल २००५ रोजी पहिली फीत चढविली गेली. ती अवघ्या १९ सेकंदांची होती. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन विकत घेतली, तेव्हा तिच्यात सुमारे ६५ माणसे काम करीत होती. फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर झालेल्या कागदपत्रांनुसार हर्ली यांच्या वाट्याला सुमारे ३४.५ कोटी, चेन यांच्या वाट्याला सुमारे ३२.६ कोटी, शिक्षणासाठी बाजूला झालेल्या करीम यांच्या वाट्याला सुमारे ६.४ कोटी आणि सिकोया या भांडवल पुरविणाऱ्या संस्थेच्या वाट्याला सुमारे ४४ कोटी डॉलरचे समभाग आले. म्हणजे तीन व्यक्ती आणि एक संस्था यांच्याकडे एकूण किमतीच्या दोनतृतीयांशांहून अधिक भाग गेला. ज्या लाखो सामान्य माणसांनी फुकट फिती चढवून या कंपनीला मोल आणले, त्यांचा या व्यवहारात कोठेच उल्लेख नव्हता. जाहिरातीच्या उत्पन्नात त्यांना वाटा देण्याची योजना २००७ मध्ये, विक्रीनंतर सुरू झाली.

या घटनेतून जगभरच्या तरुणांनी एकच बोध घेतला: आज राबा, उद्या श्रीमंत व्हा. हा बोध रुजविण्याचे साधन म्हणजे पगाराच्या जागी दिले जाणारे समभागांचे हक्क. नेमणूकपत्रात मासिक वेतन कमी असते, परंतु काही वर्षांनी ठरावीक किमतीला कंपनीचे इतके समभाग घेता येतील असे आश्वासन असते. कायद्यानुसार असा हक्क दिल्यापासून किमान एक वर्ष तो पक्का होत नाही. प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्याने, बहुधा चार वर्षांत पक्का होतो. मध्येच नोकरी सुटली तर उरलेला भाग बुडतो. शिवाय कंपनी विकली गेली तर आधी पैसे कोणाला मिळणार, याचा क्रम गुंतवणूकदारांच्या करारात लिहिलेला असतो. समजा, एका कंपनीत गुंतवणूकदारांनी ५० कोटी रुपये घातले, ते प्रथम परत घेण्याचा हक्क राखून ठेवला, आणि वर्तमानपत्रांत कंपनीचे मूल्य २०० कोटी म्हणून गाजले. पुढे ती ४५ कोटींना विकली गेली, तर सर्व रक्कम गुंतवणूकदारांकडे जाईल. ज्याने चार वर्षे रात्रीचा दिवस केला, त्या संकलकाच्या हाती उरेल तो कागद. तो करार त्याने कधी पाहिलेलाही नसतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप असा की, नव्या कंपनीला नफाच होत नाही, मग शोषण कसले? नफ्याअभावी वाढीव पगार द्यायचा कोठून? आक्षेपात तथ्य आहे. परंतु येथे वाद अस्तित्वात नसलेल्या नफ्याच्या वाटणीचा नाही, जोखमीच्या वाटणीचा आहे. भांडवल पुरविणारी संस्था वीस कंपन्यांत पैसा घालते. एकोणीस बुडाल्या तरी विसावी तिला तारते. तरुणाला मात्र विशी एकच असते. ज्याची जोखीम विभागलेली आहे त्याचे पैसे करारात सुरक्षित, आणि ज्याची जोखीम अविभाज्य आहे त्याला केवळ आशा, ही रचना कोणत्याही अर्थशास्त्रात न्याय्य ठरत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली, तेव्हा एका आदेशाने निर्मात्यांची उपजीविका थांबली. त्या पोकळीत उगवलेल्या भारतीय कंपन्यांवर पैशांचा पाऊस पडला. आणि पाऊस ओसरताच जानेवारी २०२३ मध्ये शेअरचॅटने सुमारे एकपंचमांश नोकरवर्ग कमी केला. सहकारी या शब्दाची मुदत किती असते, ते त्या दिवशी पुष्कळांना कळले.

मग कायदा काय करतो? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन, असा त्याचा दंडक होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याचा, तसेच कायद्याची कक्षा वीस वा अधिक कामगारांपुरती ठेवण्याचा निर्णय घेतला. पंधरा-अठरा माणसांची व्हिडिओ कंपनी नेमकी याच फटीतून बाहेर पडते. त्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये घोषित झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेने नवउद्योगांना अनेक कामगार कायद्यांचे पालन होत असल्याचे स्वतःच प्रमाणित करण्याची मुभा दिली होती. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार आहे. २०२४ मध्ये पुण्यातील एका बड्या सल्लागार संस्थेतील तरुण कर्मचारी मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या अतिरेकाबद्दल जाहीर तक्रार केली. त्यानंतरच्या पाहणीत त्या कार्यालयाची या कायद्याखालील नोंदणीच नसल्याचे पुढे आले. इतक्या मोठ्या संस्थेची ही गत, तर कोपऱ्यातल्या लहान कंपनीची कल्पनाच करावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांत दोन गोष्टी पदरात पाडून घेण्याजोग्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आवश्यक ठरले आहे आणि मुदतबंद नोकरीतील कामगाराला पाचऐवजी एका वर्षानंतर उपदान मिळण्याची तरतूद आहे. कामगारकपातीवरील आणि संपावरील तरतुदींना असलेला विरोध कायम ठेवूनही या दोन हक्कांची माहिती प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचविता येईल.

अशी माणसे संघटित होतील काय, ही शंका वारंवार घेतली जाते. अनुभव वेगळे सांगतो. १ मे २०२३ रोजी नैरोबीत, समाजमाध्यमांवरील हिंसक व बीभत्स मजकूर डोळ्यांखालून घालून वेगळा काढणाऱ्या दीडशेहून अधिक कामगारांनी आपली संघटना स्थापन करण्याचा ठराव केला. त्याच्या काही दिवस आधी अमेरिकेतील ऑस्टिन येथे यूट्यूब म्युझिकसाठी कॉग्निझंटमार्फत काम करणाऱ्यांनी ४१ विरुद्ध ० मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे काम बंद करण्यात आले आणि ४३ जणांची नोकरी गेली. बातमी आली त्या वेळी त्यांचा एक प्रतिनिधी नगर परिषदेसमोर कैफियत मांडीत होता. गूगलचे म्हणणे होते की, ही माणसे आपली नव्हेतच, कंत्राटदाराची आहेत. काम एकाच्या पडद्यावर आणि नोकरी दुसऱ्याच्या दप्तरी, हा डाव वाशीच्या माथाडीला सांगावा लागणार नाही. धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर टाळण्यातच त्याच्या पूर्वीच्या पिढ्यांचे शोषण दडलेले होते.

म्हणून उपायाचे पहिले सूत्र परदेशात शोधण्याचे कारण नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या हमालाची आणि मालकाची दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवरील अधिभारातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व बोनस अशी व्यवस्था या कायद्याने उभी केली. आजचा मुक्त संकलक किंवा उपशीर्षककारही असाच चार ठिकाणी तुकड्या-तुकड्याने काम करतो. मालक बदलला तरी हक्क सोबत राहावेत यासाठी दृक्श्राव्य क्षेत्रातील कामगारांचे असे मंडळ नव्या मुंबईत का होऊ नये?

दुसरे सूत्र सहकाराचे. दहा वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा व्यक्तींना महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली सहकारी संस्था नोंदविता येते. अमेरिकेत २०२० मध्ये सुरू झालेली मीन्स टीव्ही ही व्हिडिओ वाहिनी तेथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची आहे. केरळातील ऊरालुंगल कामगार सहकारी संस्था १९२५ मध्ये मजुरांनी काढली. तिने रस्ते आणि पूल बांधले आणि पुढे कोळिकोड येथे माहिती तंत्रज्ञानाचे संकुलही उभारले. तथापि सहकार हा मंत्र नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला ज्याचा पाया घातला, त्या साखर सहकारात ऊसतोडणी करणारा मात्र सभासद झाला नाही. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांनी चालवायला घेतला. काही वर्षे तो चालला, पण भांडवलाची आणि व्यवस्थापनाची कोंडी त्याला फोडता आली नाही. तेव्हा स्वस्त कर्जपुरवठा आणि हिशेबाचे शिक्षण यांवाचून केवळ नोंदणी निरुपयोगी आहे. नवउद्योगांसाठी शासन जो निधी उभारते त्यातील निश्चित वाटा कामगारांच्या मालकीच्या संस्थांना मिळाला पाहिजे, ही मागणी आता पुढे आली पाहिजे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी यातून काही साधी कामे निघतात. ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यात आठवड्यातून एक संध्याकाळ नेमणूकपत्रे व समभागांचे करार वाचून समजावून देणारे केंद्र चालविता येईल. हिशेब जाणणारा एक आणि कायदा जाणणारा एक, एवढे मनुष्यबळ त्याला पुरेल. थकलेल्या वेतनाच्या तक्रारी सामूहिक रीतीने कामगार आयुक्तालयात नेता येतील. आणि त्याच इमारतीत कंत्राटदारामार्फत पहारा देणारा, लादी पुसणारा, रात्री मुलींना घरी सोडणारा जो माणूस आहे, आणि जो पुष्कळदा त्याच ९५ गावांपैकी एखाद्याचा असतो, त्याचे नाव सभासदांच्या यादीत पहिल्या दिवसापासून असले पाहिजे. त्याला वगळून झालेली संघटना म्हणजे वरच्या मजल्याचा क्लब ठरेल.

एका टेबलाशी बसल्याने कोणी सहकारी होत नाही. तासांवर, दामावर आणि मालकीवर ज्याचा शब्द चालतो तोच सहकारी. ही कसोटी त्या तरुणांसमोर स्नेहाने, परंतु स्पष्टपणे ठेवण्याचे काम आता हाती घेतले पाहिजे.