वायफायचं सोवळं

२०२२ च्या गणपतीत मी माझा जुना लॅपटॉप मामेभावाला दिला. डिप्लोमाला नुकतीच ॲडमिशन झालेली, नवीन घ्यायची परिस्थिती नाही. म्हटलं, लिनक्स टाकून देतो, पळेल मस्त! दीड जीबीपर्यंतची भाषणं पण ठोकली त्याच्यासमोर: पायरेटेड विंडोज वापरू नकोस, हे आपलं, मोकळं, वगैरे वगैरे.

चार दिवसांनी हॉस्टेलवरून फोन. "दादा, वायफाय दिसतच नाहीये."

नेटवर्क नाही असं नाही, वायफायचा आयकॉनच नाही. माझ्याकडे सगळं व्यवस्थित चाललं होतं, कारण मी पूर्ण वेळ लॅनची वायर लावून बसलो होतो. वायफाय एकदाही चालवून बघितलं नव्हतं. शुद्ध गाढवपणा!

फोनवरूनच त्याला डीमेसेजचं आउटपुट वाचायला लावलं. एक ओळ सापडली: फर्मवेअर लोड झालं नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही, बास. भानगड अशी असते की बऱ्याच वायफाय कार्डांना स्वतःची कायमची मेमरी नसते. मशीन चालू झालं की कर्नलने डिस्कवरून एक छोटा प्रोग्राम त्यांना भरवायचा. ड्रायव्हर कर्नलमध्ये होता. हा भरवायचा प्रोग्राम मात्र कार्डाच्या कंपनीचा, सोर्स कोड बंद, म्हणून मी निवडलेल्या तत्त्वनिष्ठ डिस्ट्रोने तो वेगळा ठेवलेला. तो डाउनलोड करायला इंटरनेट पाहिजे, आणि इंटरनेटला तो पाहिजे!

उपाय सोपा निघाला. मोबाईल यूएसबी केबलने जोडायचा, टेदरिंग चालू करायचं, पॅकेज टाकायचं, रीस्टार्ट. अर्धा तास. पण तोवर स्कॉलरशिपचा फॉर्म त्याने सायबर कॅफेत जाऊन भरला होता आणि पुढच्या महिन्यात रूममेटकडून विंडोज टाकून घेतलं. मला सांगितलं पण नाही, दिवाळीत कळलं.

त्याच सुमारास डेबियनच्या लोकांनी यावर मतदान घेतलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. नको असेल त्याला बंद करता येतं. यावर बऱ्याच जणांचं म्हणणं, तत्त्व सोडलं.

मला नाही पटत. त्यांचा मुद्दा खोटा नाही हां. बंद फर्मवेअरमध्ये बग असला तर तो आपण दुरुस्त करू शकत नाही, आत काय चाललंय ते बघू शकत नाही. पण काही कार्डांत अगदी असाच बंद प्रोग्राम कारखान्यातच चिपमध्ये भरून येतो. ते कार्ड लावलं की सगळं आपोआप चालतं आणि कोणाचंच सोवळं मोडत नाही! म्हणजे तक्रार प्रोग्राम बंद असण्याची आहे, की तो आपल्या डिस्कवर दिसण्याची? मला तर उलट डिस्कवर असलेला बरा वाटतो. निदान फाइलचं नाव कळतं, अपडेट करता येतो.

आणि या सोवळ्याची किंमत कोण मोजतो? तुम्ही-आम्ही नाही. आपल्याकडे दुसरा लॅपटॉप असतो, गूगल असतं, ऑफिसातला एखादा जाणकार असतो. किंमत मोजतो तो हॉस्टेलवरचा पोरगा, ज्याच्याकडे एकच मशीन आहे. त्याला आपण स्वातंत्र्य द्यायला निघालो आणि तो सरळ पायरेटेड विंडोजकडे गेला. मग तत्त्व नक्की कुठे जिंकलं?

कंपन्यांकडे फर्मवेअर खुलं करा म्हणून मागणी जरूर करावी, मी पण करीन. पण नवख्या माणसाला त्या भांडणात पुढे उभं करू नये.

असो. तुम्ही कोणाला लिनक्स टाकून देणार असाल तर एक करा: देण्याआधी लॅनची वायर काढा आणि तासभर तसेच बसा. मामेभावाला आता डेबियन १२ चा पेनड्राइव्ह दिलाय. "बघतो दादा," म्हणालाय. बघू.