दहावा माणूस

उंबरठ्यावरची मुलं (साप्ताहिक सदर)

गेल्या आठवड्यात रायगड जिल्ह्यातल्या एका गावी, जुन्या सिनेगॉगच्या लाकडी बाकावर मी पाऊण तास बसून होतो. माझ्या शाळासोबत्याच्या आईला जाऊन वर्ष झालं. आम्हां पोरांना पंक्तीला बसवून वालाचं बिरडं वाढणारी ती माउली. मित्र आता मुंबईत असतो, पण आईच्या वर्षाची प्रार्थना गावातच व्हावी असं त्याच्या मनात होतं. डोक्यावर टोपी घालून मीही गेलो.

दिवेलागण झाली, तरी प्रार्थना सुरू होईना. माणसं नऊच होती. यहुदी रिवाजात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा जण लागतात. त्या दहांना ‘मिनियन’ म्हणतात. मिनियन भरल्याशिवाय मुलाला आईबापासाठी ‘कद्दिश’ म्हणता येत नाही. तसे खोलीत पुरुष दहा होते, पण दहावा मी होतो आणि मी यहुदी नाही. माझं प्रेम, माझं वय, माझी पंचेचाळीस वर्षांची ओळख त्या मोजणीत धरता येत नव्हती. मित्र दाराकडे पाहत होता.

मग फाटकाशी सायकलची घंटा वाजली. तेरा वर्षांचा एक मुलगा धापा टाकत आत आला. पाठीवर दप्तर, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. क्लास अर्धा टाकून आला होता. त्यानं नळावर हात धुतले, खिशातली टोपी झटकून डोक्यावर घातली आणि सरळ पुढच्या बाकाशी गेला. एका आजोबांनी सरकून त्याला जागा दिली. त्याला कुणी शाबासकी दिली नाही, की उशिराबद्दल बोल लावला नाही. मुकादमांनी, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांनी, मान हलवली आणि प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळानं माझा मित्र कद्दिश म्हणायला उभा राहिला. आईसाठी म्हणायच्या त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दसुद्धा नाही, आहे ती सारी ईश्वराची थोरवी. मधूनमधून सगळे ‘आमेन’ म्हणत होते. त्या थकलेल्या, जाड आवाजांत एक आवाज नुकताच फुटू लागलेला होता.

या सदरात मी दर आठवड्याला बारा ते अठरा वयाच्या मुलांबद्दल लिहितो. त्यांचा अभ्यास, त्यांचा मोबाइल, त्यांची चिडचिड, त्यांचं एकटेपण. पालक विचारतात, मुलांना समाजाची जाणीव कशी द्यायची? त्या संध्याकाळी मला त्याचं उत्तर सापडलं, असं मला मनापासून वाटतं. जाणीव शिकवून येत नाही. समाजाला आपली खरोखर गरज आहे, आपण नसलो तर कुणाचं तरी काम अडेल, हे मुलाला एकदा कळलं की ती येते.

यहुदी धर्मानं ही गोष्ट रचनेतच बांधून ठेवली आहे. मुलगा तेरा वर्षांचा झाला की ‘बार मित्झ्वा’ होतो, म्हणजे धर्माज्ञा पाळायला बांधलेला. मुलगी बाराव्या वर्षी ‘बाथ मित्झ्वा’ होते. समारंभ होतो, मुलगा ‘तोरा’ या धर्मग्रंथाचा पाठ वाचतो, जेवणावळ होते. पण खरा बदल दुसऱ्या दिवशी असतो. तेरा पूर्ण झाल्यापासून तो मिनियनमध्ये मोजला जातो आणि ऐंशी वर्षांच्या आजोबाचं वजन जेवढं, तेवढंच त्याचं. आपल्याकडे मुंजीत बटूला भिक्षावळ घालतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आईच्या हातून दूध पिऊन शाळेत जातो. गावाचं काही त्याच्यावाचून अडत नाही.

ही मुलं कुठली, हे तरुण वाचकांसाठी सांगायला हवं. कोकणातले बेने इस्रायल आपल्याच मातीतले. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तेलाचे घाणे चालवले आणि शाब्बाथच्या विसाव्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं त्यांनी आपल्या गावांवरूनच घेतली. रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, त्यांच्या मराठीत ‘नव्याचा सण’ झाला आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस ‘बिरड्याचा सण’. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, ‘शाआर हाराहामीम’, सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये उभारलं. स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. मग बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशातले सगळे यहुदी मिळून पाच हजारही भरले नाहीत. जिथे एके काळी सणाला बसायला जागा नसे, तिथे आता एकेका माणसासाठी फोन फिरवावे लागतात.

त्या संध्याकाळी फोन फिरवणारी होती चौदा वर्षांची एक मुलगी, माझ्या मित्राची भाची. प्रार्थना संपल्यावर ती खजूर आणि केळ्यांचं ताट घेऊन आली तेव्हा मला म्हणाली, “काका, मिनियनमध्ये मला मोजत नाहीत, पण मोजणी माझ्याकडेच असते.” कोण कुठल्या पाळीला आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला रिक्षा पाठवावी लागते, हे सगळं तिच्या वहीत होतं. हसत म्हणाली, पण मला ते लागलं. पारंपरिक रिवाजात मिनियन पुरुषांचं. जगातल्या अनेक सुधारणावादी सिनेगॉगमध्ये आज स्त्रिया बरोबरीनं मोजल्या जातात. मुंबईतही १९२५ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ ही सुधारणावादी संस्था निघाली, आणि तिच्या उभारणीत पुढे होत्या त्या डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या आणि पुढे १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या. ज्या समाजानं अशी लेक घडवली, त्यानं या मुलीची वही पाहून आपली मोजणी पुन्हा एकदा तपासावी, असं परका असूनही मला म्हणावंसं वाटतं. जी मुलगी दहा जणांना जमवते तिला अकरावी म्हणून बाजूला बसवू नये.

या मुलांची कामं मोठी नसतात, पण ती खरी असतात. नवस फेडायचा असो, लग्नघर असो की नवं घर, बेने इस्रायलांच्या घरी ‘मलिदा’ होतो. एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावानं भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा असं ताट सजतं आणि भोवती फळं मांडतात. सकाळी लवकर विळीवर नारळ खवायला बसतात ती हीच मुलं. खोबऱ्यात करवंटीचा काळा कण आला तर आजी ताट परत पाठवते. पोहे किती वेळ भिजवायचे ते पुस्तकात नाही, बोटांनी दाबून पाहावं लागतं. नारळ खवताखवता मुलं आजीकडून गाणी ऐकतात, नाती ऐकतात, कोण कुठल्या बोटीनं गेलं ते ऐकतात. समाजाचं संचित असं एका पिढीकडून दुसरीच्या मांडीवर येतं, आणि विळीवर बसल्याखेरीज ते मिळत नाही.

दोन शब्द त्यांच्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. एक ‘हेसेद’, म्हणजे माया लावून केलेली सेवा. आजाऱ्याला भेटणं, दुखवट्याच्या घरी जेवण नेणं, पाहुण्याला घरात घेणं. यातली सर्वांत निखळ सेवा मृतांची मानतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. दुसरा शब्द ‘त्झेदाका’. आपण त्याचं भाषांतर दान असं करतो, पण त्याचं मूळ ‘त्झेदेक’मध्ये आहे, म्हणजे न्यायात. गरजवंताला दिलं तर उपकार केला असं होत नाही, त्याचं त्याला पोचवलं असं होतं. घरोघरी एक डबी असते. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, शाब्बाथचे दिवे लागण्याआधी, लहान मुलं तिच्यात नाणं टाकतात. नाणं लहान असतं, सवय मोठी असते. ज्या मुलाच्या हाताला न्यायाची सवय लागली, त्याला पुढे सेवेचं प्रमाणपत्र लागत नाही.

आणि ही सेवा आपल्या आळीपुरती राहिली नाही. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तीच आज माझगावची सर एली कदुरी शाळा. समाज पांगला, पण शाळेला कुलूप लागलं नाही. तिथे आज बहुतांश आजूबाजूच्या वस्तीतली मुस्लिम मुलं शिकतात. ठाण्याजवळच्या कळव्याच्या झोपडपट्टीत २०१२ मध्ये ‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ सुरू झाला. देशोदेशीचे यहुदी तरुण तिथे येऊन मुलांना शिकवू लागले. वस्तीतल्याच बायका जेवण रांधतात आणि वर्गात आलेल्या मुलाला गरम घास मिळतो, म्हणून मूल कामाला न जाता वर्गात येतं. तिकडे इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद इथे आपल्या कोकणातून गेलेल्यांची नातवंडं वाढली आहेत. मराठी आता आजीपुरती उरली असेल, पण पंधरा वर्षं पूर्ण झाली की ‘मागेन दाविद आदोम’ या तिथल्या रुग्णवाहिका सेवेचं प्रशिक्षण घेऊन रुग्णवाहिकेवर जाता येतं, हे त्यांतल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतं. पंधराव्या वर्षी अनोळखी माणसाची नाडी धरलेला हात पुढे आयुष्यभर वेगळाच असतो.

आता आपल्या मुलांकडे पाहू. माझी मुलगी नववीत असताना तिच्या शाळेनं समाजसेवेचे तास सक्तीचे केले. एका रविवारी मुलांना वृद्धाश्रमात नेलं, बिस्किटांचे पुडे वाटताना फोटो काढले, बारापर्यंत परत आणलं आणि प्रमाणपत्रावर वीस तास लिहिले. मुलीनं ते मला दाखवलं आणि म्हणाली, “बाबा, एका आजींनी मला पुन्हा ये म्हणून हात धरला होता.” ती पुन्हा गेली नाही. क्लास होता, मग परीक्षा होती. नेलं नाही तो मीच. आजही त्याची मला खंत वाटते. त्या आजींनी तिला मोजलं होतं. आम्ही तास मोजले.

आपण मुलांवर प्रेम करतो, पण त्यांना काम देत नाही. घरात पाहुणे आले तर मुलगा खोलीत असतो, कारण त्याला अभ्यास आहे. शेजारी कुणी गेलं तर त्याला बाहेर येऊ देत नाही, कारण त्याचं मन खट्टू होईल. गणपतीच्या मंडळात वर्गणी गोळा करायला मुलं लागतात, हिशेबाला बसताना लागत नाहीत. मग सतराव्या वर्षी तो कुणाशी बोलत नाही म्हणून आपण समुपदेशकाकडे धावतो. ज्याच्यावाचून काहीच अडत नाही, त्यानं कुणाशी आणि का बोलावं?

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी दडपणार नाही. लहान समाजात मुलांवर ओझं पडतं. तेरा वर्षांच्या खांद्यावर दोन हजार वर्षांचा वारसा ठेवला तर खांदा वाकेल. त्या मुलाच्या आईनंही ते बोलून दाखवलं. म्हणाली, “क्लासची फी भरलीय, दर वेळी असा उठून येतो. आणि उद्या हाही इस्रायलला जाईल, मग इथलं काय?” मुकादम ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, “जाऊ दे की. तिथेही दहावा लागतोच.” त्या उत्तरानं माझी शंका पुरती गेली नाही, पण मुलाला आपण काय बांधून देतो आहोत ते कळलं. गाव सुटलं तरी मोजले जाण्याची सवय त्याच्याबरोबर जाणार आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या मुलांना आठवड्यातून एक असं काम द्या, जे त्यांनी केलं नाही तर खरोखर अडेल. चाळीतल्या एका आजोबांची औषधं आणणं फक्त त्याच्याकडे असू दे. वाचनालयाची किल्ली शनिवारी तिच्या हातात असू दे. सोसायटीच्या सभेत त्यांना बसवा आणि त्यांचं मत टिपून घ्या. एखाद्या वेळी चुकतील, विसरतील. आजोबांचा फोन येऊ दे आणि त्यांचा त्यांनाच घेऊ दे. दहावीचं वर्ष आहे म्हणून ते काम काढून घेऊ नका. त्या वर्षी तर आपण केवळ गुणांनी मोजले जात नाही, हे कळण्याची गरज सर्वांत जास्त असते.

निघताना मी जागा करून देणाऱ्या त्या आजोबांना विचारलं, “दहा झाले हे तुम्ही पाहिलं कधी? मोजताना तर कुणी दिसलं नाही.” ते हसले. यहुदी परंपरेत माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत, माणसाला आकडा करू नये म्हणून. दहा शब्दांचं स्तोत्रातलं एक वचन आहे. ते मनात म्हणायचं आणि एकेका चेहऱ्यावर एकेक शब्द ठेवत जायचं. शब्द पुरे झाले की मिनियन पुरं झालं. “शेवटी आला त्याच्या वाट्याला शेवटचा शब्द,” ते म्हणाले. मी अर्थ विचारला. त्यांनी क्षणभर मराठी शब्द शोधला आणि म्हणाले, “सदासर्वकाळ.”

बाहेर सायकलची घंटा वाजली. क्लासचा अर्धा तास अजून बाकी होता.