कुर्त्याला चार तारे, धागे कापणारीला काय?

परवा मंडळाच्या बैठकीला एक तरुण मैत्रीण नवा कुर्ता घालून आली. "ताई, हा घ्यायला हरकत नाही. सेंद्रिय कापूस आहे. मोबाइलवर बघितलं, या कंपनीला पाचापैकी चार तारे आहेत." पोरीचा हेतू चांगला. पण वस्तीतल्या एकीने कुर्त्याची कड उलटी करून शिवण पाहिली आणि विचारलं, "धागे कोणी कापलेत, ते लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. वस्तीत या कामाला धागाकटिंग म्हणतात. ठेकेदार गठ्ठा आणून टाकतो. बाई पाणी, स्वयंपाक, पोरं उरकून रात्री धागे कापते, बटणं लावते. पैसे नगावर. कात्री तिची, वीज तिची. हजेरीपट नाही, कार्ड नाही. तपासणीवाले कारखान्यात येतात, आग विझवायची नळकांडी मोजतात, संडास पाहतात आणि जातात. बाईचं घर त्यांच्या कागदावर नसतंच. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

बरं, कारखान्यातल्यांना तरी दाखल्याने वाचवलं का? कराचीच्या अली एंटरप्रायझेसला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांना नीट वागवण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला. ११ सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेहून जास्त कामगार गेले. आग कोणी लावली याचा खटला वेगळा. गजांच्या खिडक्या आणि बंद दारांमुळे माणसं आत अडकली. ढाक्याजवळ राणा प्लाझाला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी आत घातलं. ११३४ जीव गेले, त्यात बहुतेक बाया. तिथल्या कारखान्यांचीही तपासणी झालेली होतीच. तडे बायांनाही दिसले होते की! पण पगार कापण्याचा धाक होता, पाठीशी संघटना नव्हती, "आत जाणार नाही" म्हणायची सोय नव्हती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कपड्याला पाणी किती लागलं, रंगाचं सांडपाणी कुठे सोडलं, हे मोजायलाच हवं. ते आपल्याच नद्यांत येतं. पण पहिला प्रश्न हा, की तिथल्या बाईला नाही म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर तिचं काम टिकतं का? जानेवारी २०२१ मध्ये तमिळनाडूत एका तरुण दलित शिवणकामगाराचा खून झाला. छळ करणाऱ्या पर्यवेक्षकावरच आरोप होता. तो कारखाना एच अँड एमला माल पुरवत होता. दलित बायांच्या नेतृत्वाखालच्या तिच्या संघटनेने लढून एप्रिल २०२२ मध्ये मालक आणि कंपनी दोघांनाही दिंडिगुल कराराने बांधून घेतलं. मजल्यावर लक्ष ठेवायला कामगार बायांमधूनच प्रतिनिधी नेमल्या. मालकाने करार मोडला तर त्याच्या धंद्यावर गदा. हे कुठल्या ताऱ्यात बसवणार?

आणि हो, रस्त्यावरून स्वस्त कपडा घेणाऱ्या बाईला कोणी नीती शिकवू नये. कुर्ता महाग म्हणजे शिवणारीला मजुरी जास्त, असा काही नियम नाही.

त्या चार ताऱ्यांच्या कंपनीला आम्ही पत्र लिहिलं. कारखान्यांची नावं-पत्ते द्या. घरी काम करणाऱ्यांना नगाला काय देता? कुठे संघटना आहे? उत्तरादाखल जाड, खरबरीत कागदावर छापलेली देखणी पुस्तिका आली. वर कापसाच्या शेतात हसणारी बाई, आत पाणी वाचवल्याचे आकडे. यादी नाही, दर नाही. दुसरं पत्र गेल्या सोमवारी टाकलं आहे. त्याच्यावर आमच्या सह्यांखाली धागाकटिंगवाल्या सतराजणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. कुर्तेवाल्या मैत्रिणीने ते स्वतः वस्तीत फिरून गोळा केले.